भाडे गोठले, पण कोणाचे?

मुंबईत भाडेनियंत्रण आहे, म्हणजे भाडेकरू निर्धास्त, हा समज पागडीच्या घरांपुरताच खरा आहे. १९४७च्या कायद्याने जुन्या घरांचे भाडे १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवले आणि युद्धकाळातली ही सोय पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिली. काळाच्या ओघात ती अवाजवी ठरल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितले. पुढे १९९९च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली. पण १०० रुपये भाडे चक्रवाढीने धरले तरी २५ वर्षांत जेमतेम २६७ होते. एवढ्यात चाळीचा जिना कोण दुरुस्त करणार? तरीही जुन्या भाडेकरूला दोष देण्यात अर्थ नाही, कारण पागडीची रक्कम त्याने आधीच मोजलेली असते.

आज घर शोधणाऱ्याला मात्र या गोठवणुकीचा काडीचा उपयोग नाही. त्याच्या हाती लिव्ह अँड लायसन्सचा करार पडतो, आणि त्यातले शुल्क दोघांनी ठरवायचे असते. त्याची खरी अडचण मुदतीची आहे. अकरा महिने संपले की पुन्हा घासाघीस, पुन्हा दलाली, नाहीतर टेम्पो बोलवायचा. ‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ हेही महाराष्ट्रात चूक आहे. १९९९च्या कायद्याचे कलम ५५ मुदत कितीही असो, लेखी करार आणि नोंदणी सक्तीची करते. जबाबदारी मालकाची, आणि कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

‘जास्त मुदत दिली तर भाडेकरू घर बळकावेल,’ ही मालकांची भीती अगदीच निराधार नव्हे. १ फेब्रुवारी १९७३ रोजी राहत असलेल्या लायसन्सधारकांना कायद्यानेच भाडेकरूचा दर्जा दिला होता. तो धसका अजून गेलेला नाही. पण आजच्या कायद्यात लायसन्सचा करार तीन वर्षांचा केला म्हणून भाडेकरूचा हक्क तयार होत नाही. कलम २४प्रमाणे मुदत संपल्यावर घर सोडले नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि दुप्पट शुल्काइतकी भरपाई मागता येते. म्हणजे अकरा महिन्यांच्या हट्टाने मालकाला जादा संरक्षण मिळत नाही, फक्त राहणाऱ्याचे बिऱ्हाड सतत पाठीवर राहते. तेव्हा ब्रोकरने छापील मसुदा पुढे केला तर २४ किंवा ३६ महिन्यांची मुदत मागा, दरवर्षीची वाढ टक्क्यांत लिहून घ्या, लॉक-इन दोघांनाही लागू आहे ना ते पाहा आणि नोंदणीची प्रत आपल्याकडे ठेवा.