टेम्पोत मावणारं घर

मराठी व्यावसायिक नाटकातला दिवाणखाना कितीही ऐसपैस दिसला, तरी त्याची खरी मापं टेम्पोच्या हौद्याने ठरवलेली असतात. नेपथ्यकार कागदावर काढायचं ते काढतो. पण फ्लॅट, म्हणजे भिंतीचा सुटा तुकडा, हौद्यात उभा राहील का, जिना दोन तुकड्यांत सुटेल का, सोफ्याचे पाय निघतात का, हे प्रश्न कागद कोरा असतानाच विचारले जातात आणि विचारणारा बहुतेक वेळा सेट लावणारा असतो. त्याला उद्याचा दिवस दिसत असतो. शनिवारी रात्री पुण्यात बालगंधर्वला प्रयोग, रविवारी सकाळी ठाण्यात गडकरी रंगायतन, रात्री पार्ल्याला दीनानाथ. नट मधल्या वेळात डुलकी काढू शकतात. घर मात्र दर वेळी मोडून, बांधून, भरून न्यायचं आणि पुन्हा उभं करायचं असतं.

नाट्यगृह सत्रावर मिळतं: सकाळ, दुपार किंवा रात्र. त्या चार-पाच तासांत सेट लावणं, प्रकाशाची जुळणी, दोन-सव्वादोन तासांचं नाटक, मध्यंतर आणि सेट काढून दार मोकळं करणं, सगळं बसवायचं. पुढच्या सत्राच्या नाटकाचा टेम्पो मागच्या दाराशी येऊन उभा असतो आणि त्याचा ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लाजत नाही.

अशाच एका रविवारी मी एका कौटुंबिक नाटकाबरोबर विंगेत बसून होतो. नाटकाचं नाव महत्त्वाचं नाही. तीन दारं, एक खिडकी, एक जिना आणि एक देवघर एवढं त्याचं घर. फ्लॅट उतरवताना प्रत्येकाच्या पाठीवर रंगाने आकडा घातलेला दिसला. पुढून प्रेक्षकांना ती क्रीम रंगाची भिंत. मागून १, २, ३अ, ३ब. त्यातला ३ब काही नाट्यगृहांत टेम्पोतच राहतो. रंगमंचाची रुंदी सगळीकडे सारखी नसते, म्हणून भिंतीचा एक तुकडा सोडता येईल अशीच रचना केलेली असते. पार्ल्याला पाहिलेला दिवाणखाना एखाद्या तालुक्याच्या गावी दोन हात आखूड होतो. नटांनाही मग दारापासून सोफ्यापर्यंत एक पाऊल कमी टाकावं लागतं.

फ्लॅट एकमेकांना बिजागरीने आणि पिनेने जोडतात, मागून तिरका ब्रेस लावतात, ब्रेसच्या पायावर वजन ठेवतात. हे अर्ध्या तासात होतं. वेळ खातं ते दार. रंगमंचाची फळी कुठेच सपाट नसते. वर्षानुवर्षं खिळे ठोकून तिची चाळण झालेली असते आणि एखाद्या कोपऱ्यात दोन-तीन सूत उतार असतोच. तेवढ्याने चौकट ओळंब्यातून जाते आणि दार एक तर अडकतं किंवा आपोआप उघडतं. सेट लावणारे मामा, वय साठीला टेकलेलं, पायजमा दुमडलेला, चौकटीखाली प्लायवूडची एक पातळ चकती सरकवून दार ओढून बघत होते. उघडलं. सोडलं. दार स्वतःहून वीतभर मागे आलं. ‘पॅकिंग दे,’ एवढंच बोलले. पोराने दुसरी चकती दिली. पुन्हा ओढलं, सोडलं. या वेळी जिथे सोडलं तिथेच थांबलं. मग त्यांनी ते जोरात आपटलं आणि दाराकडे न बघता दोन फ्लॅट पलीकडे टांगलेल्या फोटोकडे पाहिलं. फोटो हलला. ब्रेसवर आणखी एक वजन आलं. दुसऱ्या अंकात मुलगा बापाशी भांडून हे दार आपटून जातो. त्या क्षणी भिंत थरथरली, तर प्रेक्षक हसतात आणि पुढची दहा मिनिटं नटांच्या हातून जातात. मामांना नाटकाचं कथानक विचारलं असतं तर त्यांनी कदाचित दारांच्या भाषेतच सांगितलं असतं.

प्रकाशवाल्यांचं काम तोवर डोक्यावर चालू होतं. चाकांच्या घोड्यावर चढलेला मुलगा बारवरचे दिवे वळवत होता आणि खाली एकजण नटाच्या जागी उभा राहून तोंडावर उजेड घेत होता. नवी नाटकं एलईडीवर चालतात, रंग बदलायला जिलेटिनचा कागद कापावा लागत नाही. तरी सगळी नाट्यगृहं सारखी सुसज्ज नसतात. म्हणून दौऱ्यावरचा प्रकाशवाला आपली पेटी बरोबर ठेवतोच. संगीत पूर्वी टेपवर होतं, आता लॅपटॉपवर आहे. चूक व्हायची जागा मात्र तीच, फोनची घंटा. नटाने रिसीव्हर उचलला आणि घंटा आणखी एकदा वाजली, की संपलं. ऑपरेटरचं लक्ष संहितेवर कमी आणि नटाच्या खांद्यावर जास्त असतं. हात फोनकडे जायच्या आधी खांदा हलतो, असं त्याने मला दाखवून दिलं. पुढे बराच वेळ मी नाटक सोडून नुसते खांदेच बघत बसलो.

पहिल्या घंटेआधी नारळ, उदबत्ती, नटराजाला नमस्कार. तिसऱ्या घंटेनंतर विंगेतल्या माणसांचा आवाज बंद होतो आणि हात बोलू लागतात. प्रेक्षकांना जो काळोख दिसतो तो आतून तसा काळोख नसतोच. फळीवर चमकणाऱ्या चिकटपट्टीचे तुकडे लावलेले असतात, त्यांच्या आधाराने दोघंजण टेबल उचलून नेतात आणि दुसरं आणून बरोबर खुणेवर ठेवतात. आठ-दहा सेकंदांत ब्लॅकआऊट संपतो. नवखा मुलगा टेबल खुणेपासून चार बोटं बाजूला ठेवतो, तेव्हा पुढच्या प्रसंगात नायिकेचा चेहरा अर्धा अंधारात जातो. त्याबद्दल शिव्या मात्र लाइटवालाच खातो.

कपडेपटाचं काम मात्र याहून जोखमीचं वाटलं. या नाटकात नायिकेला एका गाण्याच्या अंतऱ्यात घरच्या साडीतून लग्नाच्या साडीत जायचं असतं. साडी आधीच शिवून तयार, निऱ्या पक्क्या, पदर पिन केलेला. विंगेत दोघी उभ्या. एकीने साडी घागऱ्यासारखी पसरून धरलेली, दुसरीच्या दातात छोटा टॉर्च आणि बोटांत पिना. नायिका आत आली ती हात वर करूनच. जुन्या ब्लाउजला समोर खोटी बटणं आणि मागे वेलक्रो. तो ओढायला मात्र त्या थांबल्या. कशासाठी, ते मला लगेच कळलं नाही. तबल्याचा तुकडा आला आणि त्या आवाजाखाली वेलक्रो फाडला. शांततेत फाडला तर तो तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू जातो. मंगळसूत्र, गजरा, चपला. गाण्याची ओळ संपायच्या आत बाई पुन्हा उजेडात होत्या आणि श्वास लागल्याचं कुणाला दिसलं नसेल. हीच कसरत दुसरीकडेही चालते. केदार शिंदे यांच्या ‘सही रे सही’ नाटकात भरत जाधव २००२ पासून एकाच प्रयोगात एका विंगेतून एक माणूस म्हणून जातात आणि दुसरीकडून वेगळाच म्हणून येतात. टाळ्या पडतात त्या त्यांना, आणि त्या रास्तच आहेत. पण तो नट विंगेत शिरल्यावर ज्यांच्या हातात सापडतो, त्यांचं टायमिंग चुकलं तर टाळ्या घ्यायला तो वेळेवर बाहेरच येणार नाही.

रंगमंचावरचा आणि मागचा हिशेब एकाच मापाने होतो. ते माप म्हणजे ‘नाइट’. प्रयोग झाला तर नाइट मिळते, नाही झाला तर नाही. नटाची वेगळी, मामांची वेगळी, रंगभूषाकाराची वेगळी. आकड्यांत जमीन-अस्मानाचं अंतर, पण तत्त्व तेच. त्यामुळे इथे करिअर म्हणजे एकाच गोष्टीची बेरीज. नट प्रशांत दामले यांनी ६ नोव्हेंबर २०२२ रोजी मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात आपला १२,५००वा प्रयोग केला. या आकड्याचं कौतुक होतं ते विक्रम म्हणून. मला त्यात दिसतात तितक्याच वेळा लावलेले आणि काढलेले सेट, इस्त्री केलेले शर्ट आणि रात्री एक वाजता भरलेले टेम्पो.

नाटकावर पोट भरतं का, या प्रश्नाला मराठीत बराच काळ एकच उत्तर होतं: नोकरी धरून ठेव. बँक, रेल्वे, बेस्ट. दामलेही आधी बेस्टमध्येच होते. लक्ष्मीकांत बेर्डे गिरगावच्या मुंबई मराठी साहित्य संघात नोकरीला होते. तिथे राहूनच छोटी-मोठी कामं करत ते १९८३च्या ‘टूर टूर’ या नाटकापर्यंत आले. आता त्या नोकऱ्यांची जागा मालिकांनी घेतली आहे. मालिकेचा नट महिन्याचे बरेच दिवस घोडबंदर रोडला नाहीतर मढला चित्रीकरणात अडकलेला असतो, आणि रविवारच्या प्रयोगाला वेळेवर पोचणं ही अभिनयाइतकीच मोठी परीक्षा होऊन बसते. व्यवस्थापकाच्या फोनवरचे निम्मे कॉल ‘कुठपर्यंत आलास?’ एवढ्याचसाठी असतात. अगदीच जमलं नाही तर रिप्लेसमेंट. दुसऱ्याची भूमिका आठवडाभरात उभी करणारा नट नावारूपाला येईलच असं नाही, पण त्याला कामाची ददात पडत नाही. व्यवस्थापकांची वही त्याला विसरत नाही.

आत शिरायचा रस्ता अजूनही एकांकिकेचा आणि नाट्यस्पर्धांचा आहे. पुण्यातला पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे, राज्य नाट्य स्पर्धा त्याहून जुनी. कॉलेजच्या संघात पंधरा-वीस पोरं असतात, भूमिका मिळते पाच-सहांना. उरलेल्यांपैकी कुणी लेव्हल उचलतो, कुणी संगीत देतो, आणि त्यातल्या एखाद्याच्या लक्षात येतं की आपल्याला इथेच जास्त मजा येते. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र किंवा मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्स अकादमी इथे नेपथ्य-प्रकाश रीतसर शिकवतात. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहेच. तिथून आलेली मुलं डिझायनर म्हणून वावरतात, ते योग्यच आहे. पण चौकटीखाली किती चकत्या घालायच्या, हे त्यांनाही मामांकडूनच कळतं. काही लोक कडेने शिरून पार मध्यभागी पोचले. मोहन वाघ छायाचित्रकार होते, नेपथ्यकार झाले आणि ‘चंद्रलेखा’चे निर्माते म्हणून त्यांनी एकामागून एक नाटकं उभी केली.

या सगळ्याला ‘रंगदेवतेची सेवा’ म्हणायची पद्धत आहे. मला ती ऐकायला बरी वाटते आणि पैशाचा विषय निघाला की खटकते. सेवेला उशिरा पैसे दिले तरी चालतात, असा तिचा एक सोयीस्कर अर्थ काही निर्मात्यांनी लावला आहे. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे नाट्यगृहं बंद झाली. त्याच नोव्हेंबरात निम्म्या खुर्च्यांवर उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद पडली आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला परत निम्म्याच क्षमतेने सुरू झाली. नाइटवर जगणाऱ्या माणसाला त्या काळात रजा नव्हती, अर्धा पगार नव्हता, निवृत्तिवेतन तर नव्हतंच. नटांनी, निर्मात्यांनी, संस्थांनी पैसे आणि धान्य गोळा केलं. ते पोचलंही. तरी काही हात कायमचे दुसरीकडे गेले. कुणी भाजीची गाडी लावली, कुणी पार्सलं पोचवू लागला. दार ओळंब्यात बसवायची त्यांची कलाही त्यांच्याबरोबर गेली.

जे परत आले, त्यांना आता खरी ओढ इव्हेंटची आहे. लग्नाचं संगीत, कंपन्यांचे सोहळे, गणेशोत्सवातले कार्यक्रम. एलईडीची भिंत चालवणारा मुलगा एका संध्याकाळी जे मिळवतो ते मिळवायला नाटकात बऱ्याच नाइट मोजाव्या लागतात. तिथे संहिता नाही, खांद्याकडे बघायची गरज नाही, वर जेवण चांगलं. तो मुलगा तिकडे गेला म्हणून त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. अडचण तारखांची आहे. नाटकाला शनिवार-रविवार लागतो आणि लग्नालाही. मध्यंतरात चहा घेता घेता व्यवस्थापक आणि तो फोनच्या घंटेवाला ऑपरेटर मे महिन्यावर वाद घालत होते. चार रविवारांपैकी तीन मुहूर्ताचे. ऑपरेटर लग्नाचा एक रविवार सोडायला तयार होता, व्यवस्थापकाला तिन्ही हवे होते, आणि नाइट वाढवायचा अधिकार दोघांपैकी एकाकडेही नव्हता. शेवटी व्यवस्थापकाने वहीत त्याच्या नावापुढे तिरकी रेघ मारून मामांच्या हाताखालच्या त्या चकत्या देणाऱ्या पोराचं नाव लिहिलं आणि त्याला हाक मारली: ‘दुसऱ्या अंकाला त्याच्या शेजारी बस. घंटा कधी द्यायची ते बघून घे.’ पोराने हातातला हातोडा कुठे ठेवावा म्हणून इकडेतिकडे पाहिलं, मग तो तसाच घेऊन लॅपटॉपशेजारी जाऊन बसला.