जुन्या फियाटचे ‘आतले काम’ : नाशिकच्या कारागिरांनी हेरावा असा धंदा

इंजिन खोलणारा मिस्त्री कुठेही सापडतो. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या मोटारीची सीट, छताचे लायनिंग आणि दरवाजांचे पॅड मूळचेच वाटावेत असे बसवून देणारा कारागीर शोधावा लागतो. आमच्या वाचकांत सीटमेकर, शिलाईवाले, लेथवाले आणि भंगाराचे व्यापारी बरेच आहेत. म्हणून हा विषय आम्ही या पानावर घेत आहोत.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली, मूळ रूपात जपलेली आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ ठरते. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये असून मुदत १० वर्षांची आहे. अशी गाडी धंद्यासाठी चालवता येत नाही. ती हौसेची आणि प्रदर्शनाची वस्तू आहे. म्हणजेच तिच्या मालकाला चकचकीत नवे सीटकव्हर नको असते, जुने होते तसेच हवे असते.

माल कुठे मिळेल?

आपल्या भागात अशी मुख्य गाडी म्हणजे फियाट. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून ‘११०० डिलाइट’ निघू लागली. सत्तरच्या दशकात तिलाच प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले. बॉडीचा साचा मात्र २००० च्या सुमारास उत्पादन थांबेपर्यंत जवळपास तोच राहिला. त्यामुळे वर्षानुवर्षे सुट्या भागांची चणचण नव्हती. मोडीत निघालेल्या मुंबईच्या टॅक्सीचे हँडल नाशिकच्या घरगुती फियाटला चालून जाई.

तो झरा आता आटला आहे. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. २० वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून गेली. कुर्ल्याचा सीएसटी रोड, ऑपेरा हाऊसची दुकाने, चोर बाजार आणि पुण्याची नाना पेठ येथे शोध अवश्य घ्यावा. मात्र जाताना जुना तुकडा बरोबर न्यावा, कारण बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या गाड्यांत आतली बटणे, क्लिपा आणि पट्ट्या वर्षागणिक वेगळ्या निघतात. माल बिलावरच घ्यावा. चोरीचा भाग निघाला तर नफ्यापेक्षा घोर मोठा.

न मिळाल्यास बनवावे

येथे नाशिकची बाजू भक्कम आहे. सातपूर-अंबडच्या वसाहतींत लेथ, साचे आणि प्लेटिंगची कामे होतात, तर शहरात सीट शिवणारे हात आहेत. दोघांनी एकत्र यायला हवे.

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी पत्र्याचा गंज आणि वायरिंग, मग छताचे लायनिंग, त्यानंतर दरवाजांचे पॅड, मग जमिनीचे मॅट आणि शेवटी सीट.

जुने कव्हर फाडू नये. ब्लेडने शिवण उसवून प्रत्येक तुकड्यावर खडूने नंबर टाकावा, तोच आपला फर्मा. कापताना शिवणीची माया मोजून ठेवावी. त्या काळच्या सीटमध्ये स्प्रिंगा असतात. गंज खरवडून रेड ऑक्साइड मारावा, तुटलेल्या स्प्रिंगा बदलून बांधून घ्याव्यात, त्यावर गोणपाट, काथ्या आणि वर पातळ फोम घालावा. नुसता जाड फोम कोंबला की सीट फुगते आणि मूळचा आकार जातो. रेक्झिन एकाच लॉटमधून, थोडे जास्तच घ्यावे. दुसऱ्या लॉटचा रंग जुळत नाही.

छताचे लायनिंग तारांवर ताणलेले असते. प्रत्येक तारेचा बाक निराळा असतो, म्हणून काढतानाच पुढून मागे नंबर द्यावेत. पुढची-मागची काच उतरवून काम केल्यास कडा नीट दाबता येतात. बारीक सुरकुत्या उन्हात गाडी उभी केल्यावर बऱ्याच निघतात. दरवाजाचे पॅड पुठ्ठ्या-हार्डबोर्डचे असल्याने आपल्या पावसात ओल धरून वाकतात. नव्या पॅडमागे प्लॅस्टिकचा कागद लावल्याखेरीज ते बसवू नयेत. तडकलेले स्टिअरिंग फेकण्याऐवजी एपॉक्सीने भरून, घासून रंगवता येते.

व्यवहार चोख असावा

मजुरी आणि माल यांचा हिशेब वेगळा लिहून द्यावा. काम सुरू करण्यापूर्वी फोटो काढावेत आणि निघालेला जुना माल मालकाला परत करावा. नवीन बनवलेला भाग ‘ओरिजिनल’ म्हणून खपवण्याचा मोह अनेकांना होतो. मालातला ऐब सांगून विकावा ही आपल्याकडची शिकवण येथे धंद्याच्याही फायद्याची आहे. हौशी मालकांची वर्तुळे लहान असतात. एकाला फसवले तर दहा दारे बंद होतात, एकाचे काम पसंत पडले तर तोच दुसऱ्याला घेऊन येतो.

आमची एक सूचना आहे. प्रत्येक गाडीचे फर्मे गाडीचे वर्ष लिहून जपून ठेवा. दुसऱ्या वेळी ते काम निम्म्या वेळात होईल आणि परगावच्या मालकालाही तयार कव्हर, तयार पॅड पाठवता येतील. उस्तादांच्या डोक्यातली मापे कागदावर उतरली नाहीत तर ती त्यांच्याबरोबरच जातील. हाताखालच्या मुलांना आजच ती उतरवून घ्यायला सांगा.