दोन खोल्या, एकच बेडरूम

जर्मनीत सुट्टीसाठी भाड्याने मिळणाऱ्या फ्लॅटला ‘फेरियनवोनुंग’ म्हणतात. जाहिरातीत आखडून ‘फेवो’. ही जाहिरात इंग्रजीत नेणारा बरेचदा शब्दापुढे शब्द ठेवत जातो आणि पाहुण्याचा हिशेब बिघडतो.

‘२-त्सिमर-वोनुंग’ घ्या. या दोन खोल्यांत दिवाणखाना धरलेला असतो; स्वयंपाकघर आणि बाथरूम मोजतच नाहीत. म्हणजे आपल्या भाषेत तो वन बीएचके. त्याचं ‘टू बेडरूम’ केलं, की घरातल्या कुणाला तरी आठवडाभर सोफ्यावर झोपावं लागतं. मजल्यांचंही तेच. जर्मनांचा ‘एर्स्टर श्टॉक’ म्हणजे तळमजल्यावरचा पहिला मजला, आपल्यासारखाच. ब्रिटिशांनाही तो पहिलाच. अमेरिकन मात्र तळमजल्यालाच पहिला म्हणतात. त्यामुळे इंग्रजी कुणासाठी लिहायचं, हे आधी ठरवायला हवं. गुडघे धरलेल्या माणसाला त्या एका जिन्याने फार फरक पडतो.

‘होटेल गार्नी’ इंग्रजीत जसंच्या तसं ठेवणं मला सर्वांत खटकतं. तिथे राहायला खोली आणि सकाळचा नाश्ता मिळतो, रात्रीचं जेवण नाही. शब्द फ्रेंचमधून आलेला असल्यामुळे पुष्कळांना तो एखाद्या मालकाचं आडनाव वाटतो. ‘गास्टहोफ’मध्ये सहसा खानावळ असते. ‘पेन्झिओन’ म्हणजे निवृत्तिवेतनही आणि छोटं गेस्ट हाऊसही; पण ‘हाल्बपेन्झिओन’ म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, बहुधा रात्रीचं. इंग्रजीत त्याला ‘हाफ बोर्ड’ हा रुळलेला शब्द आहे, तोच वापरावा.

खरी गफलत पैशांत होते. ‘एंडराइनिगुंग’चं ‘फायनल क्लीनिंग’ केलं, तर साफसफाई पाहुण्याने करायची की तिचे पैसे भरायचे, हे कळत नाही. बहुतेकदा ती मुक्कामामागे एकदाच आकारली जाणारी रक्कम असते. दोनच रात्री राहणाऱ्याला ती जड जाते. एवढं सरळ वाक्यात लिहावं. ‘कुर्टाक्से’ हा आरोग्यस्थळं आणि पर्यटनगावं पाहुण्यांकडून घेतात तो कर. ‘टूरिस्ट टॅक्स’ हा प्रतिशब्द चालतो, पण अपुरा पडतो, कारण हा कर भरल्यावर अनेक गावांत पाहुण्याला कार्ड मिळतं. ब्लॅक फॉरेस्टमधल्या सहभागी गावांत ‘कोनुस’ चिन्ह असलेल्या कार्डावर त्या भागातल्या बस आणि लोकल गाड्यांचा प्रवास फुकट होतो. अनुवादात हे सुटलं, तर कर भरलेलं कुटुंब रोज तिकिटंही काढत राहतं.