पेरूच्या पानांनी शिकविलेला धडा

दरवर्षी 11 फेब्रुवारीला, लुर्ड्समातेच्या सणाच्या दिवशी, ख्रिस्तसभा जागतिक रुग्ण दिन पाळते. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी 1992 साली ह्या दिनाची घोषणा केली. आजाऱ्यांसाठी प्रार्थना करताना एक प्रश्न आज आम्हांला सतत ऐकू येतो. परळ-लालबागच्या चाळींत आजाऱ्याच्या उशाशी गोळ्यांच्या पाकिटाजवळ काढ्याचा पेलाही असतो. रोगजंतू अँटिबायोटिकला दाद देईनासे झाले आहेत, तर मग केवळ वनौषधीच का घेऊ नये? हा प्रश्न भाबडा नाही. त्याचे उत्तर आपण शांतपणे समजून घेऊ या.

संकट आपल्या दाराशीच आहे. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 च्या अखेरीस चार क्षयरुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. तपासलेले एकही औषध त्यांच्या जंतूंवर चालत नव्हते. त्यांपैकी तिघांना पूर्वी निरनिराळ्या खासगी डॉक्टरांकडून अनियमित व अनेकदा चुकीच्या मात्रेत औषधे मिळाली होती. अर्धवट उपचारात दुर्बळ जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. जगभरात 2019 साली अशा प्रतिकारक जीवाणूंमुळे सुमारे 12 लाख 70 हजार माणसे दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

ह्या पार्श्वभूमीवर वरळीच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च ह्या संस्थेतील संशोधन मोलाचे वाटते. डॉ. नोशीर अंतिया ह्यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या ह्या संस्थेत डॉ. तन्नाझ बिर्डी व सहकाऱ्यांनी अतिसारावरील घरगुती औषधे प्रयोगशाळेत तपासली. कच्च्या बेलफळाच्या काढ्यावरील निष्कर्ष 2009 साली, तर पेरूच्या पानांच्या काढ्यावरील निष्कर्ष 2010 साली प्रसिद्ध झाले.

बेलफळाच्या काढ्याने तपासलेल्या सहा प्रकारच्या जीवाणूंपैकी एकही मेला नाही! मात्र मानवी पेशींना चिकटण्याची व त्यांत शिरण्याची जंतूंची क्षमता घटली. पटकीच्या जंतूचे विषही कमी तयार झाले. पेरूच्या पानांनी आमांशाच्या व पटकीच्या जंतूंना मारलेही, आणि इतर जंतूंची पेशींवरील पकडही सैल केली. म्हणजे वनस्पती शत्रूला नेहमी ठारच करते असे नाही. कधी कधी ती त्याच्या हातचे शस्त्र काढून घेते. जंतू मरत नसल्यामुळे चिवट जंतूंची निवड होण्यास कमी वाव मिळेल, अशी शास्त्रज्ञांना आशा आहे.

आणखी एक गोष्ट दिसून आली. पेरूच्या पानांतील क्वेर्सेटिन हे द्रव्य वेगळे काढून तपासले, तेव्हा त्याला काढ्याची सर आली नाही. जंतूंचा पेशींतील शिरकाव त्याने रोखला, पण विषावर त्याचा परिणाम झाला नाही. पानातील अनेक द्रव्ये मिळून काम करीत असावीत.

अशा सहकार्याचे सुंदर उदाहरण दारुहळदीच्या कुळात आढळते. ह्या झाडांतील बर्बेरीन हे द्रव्य जंतूंना मारू शकते. पण काही जंतू त्याला पेशीतील सूक्ष्म पंपाने बाहेर फेकतात. ह्याच कुळातील काही झाडे तो पंप बंद पाडणारे दुसरे द्रव्यही तयार करतात, असे 2000 साली अमेरिकेत दिसून आले. निर्मात्याने ह्या झुडपांत केवढे शहाणपण साठविले आहे!

तरीही एक मर्यादा आपण विसरता कामा नये. हे निष्कर्ष प्रयोगशाळेतील आहेत. न्यूमोनिया, क्षय किंवा रक्तातील जंतुसंसर्गावर काढा हा अँटिबायोटिकचा पर्याय नव्हे. मुलाला जुलाब झाले तर प्रथम जलसंजीवनी द्यावी व डॉक्टरांकडे जावे. काढा घेत असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे. कारण मिऱ्यातील पायपरीनसारखे साधे द्रव्यसुद्धा क्षयावरील रिफाम्पिसिन ह्या औषधाचे रक्तातील प्रमाण वाढवू शकते. सर्दीसाठी स्वतःच अँटिबायोटिक आणू नये. क्षयावरील औषधे सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात. ती बरे वाटू लागले म्हणून मध्येच सोडू नयेत. आपण सोडलेली गोळी उद्या शेजारच्या खोलीतील बाळाच्या जिवावर बेतू शकते. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा इथेही लागू होते.

बेन सिराच्या बोधग्रंथातील 38 वा अध्याय ह्या बाबतीत आपल्याला दिशा दाखवितो. औषधे परमेश्वराने भूमीतून निर्माण केली आणि वैद्यालाही त्यानेच नेमले, असे तो सांगतो. आजाऱ्याने प्रार्थना करावी आणि वैद्यालाही त्याचे स्थान द्यावे, असा त्याचा उपदेश आहे. पेरूचे पान, प्रयोगशाळा आणि डॉक्टरांची चिठ्ठी ही तिन्ही देवाचीच दाने आहेत. येत्या रुग्ण दिनी आजाऱ्यांसाठी प्रार्थना करताना आपण त्यांच्या घरी जाऊन एवढेच प्रेमाने विचारू या: औषध वेळेवर घेतले ना?