भुलीचे औषध आणि मनमोकळा संवाद

अहेरी-आलापल्लीच्या बाजारपेठेत कुणाला कावीळ झाली, तर सायंकाळपर्यंत साऱ्या पेठेला ठाऊक होते. कुणी पथ्य सांगतो, कुणी चंद्रपूरच्या डॉक्टरांचे नाव सुचवतो, कुणी आपली गाडी देऊ करतो. मन आजारी पडले तर मात्र शेजारच्या दुकानालाही कळू दिले जात नाही. दुकान उघडते, गल्ल्यावर माणूस बसतो, पण उधारीची वही महिनोन्महिने उघडली जात नाही. घरातील मंडळी 'थकवा आहे' एवढे सांगून वेळ मारून नेतात.

या लपवाछपवीमागे एक व्यापारी हिशोब असतो. बाजारातील पत हे आपले खरे भांडवल. मालकाचे मन ठिकाणावर नाही अशी कुजबुज सुरू झाली, की घाऊक व्यापारी रोखीचा आग्रह धरतात आणि घरातील मुलीच्या स्थळाची बोलणी अर्ध्यावर थांबतात, ही भीती खोटी नाही. बँकेत कर्जखाती तपासताना मला त्याची खूण अनेकदा दिसत असे. मालसाठ्याचे मासिक विवरण येणे थांबते, धनादेश सहीविना पडून राहतात, आणि कारण विचारले तर कुणीच काही सांगत नाही. आजार लपवल्याने पत वाचत नाही. ती हळूहळू झिजते.

अशा घरांतून अलीकडे एक नवा प्रश्न ऐकू येतो. मुंबई-पुण्यातील किंवा परदेशातील नातलग कळवतात, की नैराश्यावर आता 'सायकेडेलिक' प्रकारची औषधे निघाली आहेत; जिथे वर्षानुवर्षांच्या गोळ्यांनी गुण आला नाही, तिथे ती काही तासांत फरक पाडतात. मग घरातील ज्येष्ठ विचारतात, की हे औषध म्हणावे की व्यसन? आपल्या आचारात ते बसते काय? प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर माहितीच्या आधारावर शोधले पाहिजे.

औषध थोडे, संवाद फार

जाणिवेची नेहमीची चौकट काही काळ सैल करणाऱ्या द्रव्यांना सायकेडेलिक म्हणतात. स्वित्झर्लंडमधील बासेल येथे अल्बर्ट हॉफमन या रसायनशास्त्रज्ञाने 1938 साली एलएसडी तयार केले आणि 1943 साली त्याचा मनावरील परिणाम त्याला स्वतःवर अनुभवास आला. काही विशिष्ट अळंबींतील सायलोसायबिन हे द्रव्यही त्यानेच पुढे वेगळे काढले. पन्नास-साठच्या दशकांत मानसोपचारात यांचा बराच अभ्यास झाला. नंतर ही द्रव्ये रस्त्यावर आली, त्यांचा गैरवापर वाढला आणि 1971 च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर संशोधन जवळजवळ थांबले. गेल्या पंचवीस वर्षांत ते पुन्हा सुरू झाले आहे.

आजच्या संशोधनात औषध एकटे दिले जात नाही. अमेरिकेत एमडीएमए या द्रव्याची तीव्र मानसिक आघात झालेल्या रुग्णांवर चाचणी झाली, तिचे उदाहरण घेऊ. प्रत्येक रुग्णासाठी प्रारंभी 3 तयारीच्या बैठका, नंतर औषध देऊन प्रत्येकी सुमारे 8 तासांच्या 3 बैठका, आणि अनुभवाचा अर्थ लावण्यासाठी 9 बैठका अशी रचना होती. तयारीच्या आणि नंतरच्या बैठका दीड-दीड तासांच्या. म्हणजे साडेचार, चोवीस आणि साडेतेरा मिळून 42 तास, तेही दोन प्रशिक्षित उपचारकांच्या उपस्थितीत. औषधाचा डोस केवळ तीन दिवसांचा. उरलेले सारे भांडवल वेळेचे आणि संवादाचे.

2021 साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत 90 रुग्ण होते. औषध आणि संवाद दोन्ही मिळालेल्यांपैकी 67 टक्के रुग्ण उपचाराअंती त्या आजाराच्या निकषांत बसत नव्हते. ज्यांना औषधाऐवजी निष्प्रभ गोळी मिळाली, पण संवाद तेवढाच मिळाला, त्यांतही हे प्रमाण 32 टक्के होते. पहिला आकडा वर्तमानपत्रांत गाजला. आपल्यासारख्यांनी दुसराही नीट पाहावा, कारण संवाद तर कुठल्याही कायद्याने बंद केलेला नाही.

तरीही ऑगस्ट 2024 मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी एमडीएमएला मान्यता नाकारली आणि आणखी एक चाचणी मागितली. आपल्याला खरे औषध मिळाले की खोटे, हे रुग्णांना सहज कळत होते. त्यामुळे निष्कर्ष किती निखळ मानावेत हा प्रश्न होता. काही ठिकाणी उपचारकांच्या गैरवर्तनाच्याही तक्रारी होत्या. औषधाच्या अमलाखालील माणूस लहान मुलासारखा परस्वाधीन असतो, हे कुटुंबांनी विसरू नये. ऑस्ट्रेलियाने मात्र 1 जुलै 2023 पासून, विशेष अधिकृत केलेल्या मानसोपचारतज्ज्ञांनाच, एमडीएमए आणि सायलोसायबिन ठरावीक आजारांसाठी देण्याची मुभा दिली आहे.

आपल्या देशात काय चालते?

भारतात एलएसडी, सायलोसायबिन आणि एमडीएमए ही तिन्ही द्रव्ये 1985 च्या अमली पदार्थ कायद्याखाली येतात. ती कुणी 'उपचार' म्हणून खासगीरीत्या देऊ करत असेल, तर तो गुन्हा आहे आणि त्यात रुग्णाचे कुटुंबही अडकू शकते. मोठ्या शहरांतील काही मानसोपचारतज्ज्ञ जे कायदेशीरपणे वापरतात, ते केटामाइन.

केटामाइन हे मूळचे भुलीचे औषध. 1962 साली ते तयार झाले, 1970 साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश आहे. श्वसन फारसे मंदावत नसल्याने साधनांची कमतरता असलेल्या ग्रामीण रुग्णालयांना ते विशेष उपयोगी ठरले. 2000 साली अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या एका छोट्या अभ्यासात दिसले, की भुलीपेक्षा बऱ्याच कमी मात्रेत ते नैराश्य झपाट्याने उतरवते. त्याच्याच एका रूपाला, नाकात फवारण्याच्या एस्केटामाइनला, 2019 साली अमेरिकेत इतर औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी मान्यता मिळाली.

पण एका वेळच्या डोसाचा परिणाम बहुधा काही दिवसांत ओसरतो. रक्तदाब वाढणे, देहापासून आपण वेगळे झाल्यासारखे वाटणे हे तात्कालिक परिणाम. दीर्घकाळच्या गैरवापराने मूत्राशयाची गंभीर हानी होते आणि व्यसनही जडते. ऑक्टोबर 2023 मध्ये अमेरिकन अभिनेते मॅथ्यू पेरी यांच्या मृत्यूचे मुख्य कारण केटामाइनचा तीव्र परिणाम हे ठरले. ते डॉक्टरांच्या देखरेखीबाहेर ते घेत होते. आपल्याकडे केटामाइन अमली पदार्थ कायद्याच्या यादीत आहे, तसेच औषध नियमांच्या 'अनुसूची एक्स'मध्येही आहे. आपल्या समाजातील औषध विक्रेत्यांना या अनुसूचीचा अर्थ सांगायला नको: वेगळा परवाना, चिठ्ठीच्या दोन प्रती, आणि त्यांतील एक दोन वर्षे जपून ठेवायची.

म्हणून कुणी केटामाइन सुचवले, तर मोठे कर्ज घेण्यापूर्वी जसे प्रश्न विचारतो तसे विचारावेत. सुचवणारा मानसोपचारतज्ज्ञ नोंदणीकृत आहे का? नेहमीची औषधे पुरेशा मात्रेत आणि पुरेसा काळ देऊन झाली आहेत का? डोसाच्या वेळी रक्तदाब आणि श्वसन कोण पाहणार? आधीच्या व नंतरच्या संवादाच्या बैठका किती, आणि त्या कोण घेणार? शेवटच्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नसेल, तर थांबावे.

आचाराचा प्रश्न

सप्तव्यसनांत मद्याचा त्याग सांगितला आहे. प्रमाद वाढवणारी, विवेक हिरावणारी प्रत्येक गोष्ट आपल्याला वर्ज्य आहे. तरीही शस्त्रक्रियेच्या वेळी घेतलेल्या भुलीला आपण कधी व्यसन म्हटले नाही. तिथे हेतू रोगनिवारणाचा असतो, मात्रा वैद्याच्या हाती असते आणि काम झाले की औषध संपते. केटामाइनही याच कसोटीवर पारखावे. सुखासाठी घेतले, स्वतःच्या हाताने घेतले, पुन्हापुन्हा घ्यावेसे वाटले, तर ते व्यसन होय. अळंबी अभक्ष्य असल्याने सायलोसायबिनविषयी वेगळी शंका निघते. प्रमुख चाचण्यांतील द्रव्य प्रयोगशाळेत बनवलेले असते, एवढे त्याविषयी सांगता येईल. व्रतधारी व्यक्तीने आपल्या गुरूंचे मार्गदर्शन घ्यावे. मात्र त्यासाठी तातडीचा उपचार लांबवू नये.

आणखी एक गैरसमज दूर व्हावा. इष्टवियोग, वेदना यांच्या चिंतनात मन गुंतून राहण्याला तत्त्वार्थसूत्रात आर्तध्यान म्हटले आहे. त्यावरून नैराश्य म्हणजे धर्मबुद्धीची कमतरता, असा निष्कर्ष काही जण काढतात आणि रुग्णाला 'सामायिक वाढवा' म्हणून सांगतात. सामायिकाने स्थैर्य येते, हे खरेच. पण ज्याला सकाळी अंथरुणातून उठवत नाही, त्याच्यावर अपराधीपणाचे ओझे वाढवणे ही अहिंसा नव्हे.

अहेरीहून जवळचा मार्ग

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय येथून अडीचशे किलोमीटरांहून दूर आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने 2015-16 मध्ये दाखवले, की बहुतेक मानसिक आजारांत 70 टक्क्यांहून अधिक रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. आपल्या वनप्रदेशात केटामाइनची वाट पाहत बसण्यापेक्षा संवादाची सोय आधी शोधणे शहाणपणाचे.

ती शक्य आहे, हे गोव्यातील 'संगत' संस्थेने दाखवले. तेथे मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण देऊन, प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम ते तीव्र नैराश्याच्या रुग्णांसोबत सहा ते आठ बैठका घेण्यात आल्या. 495 रुग्णांच्या या अभ्यासात तीन महिन्यांनी संवाद मिळालेल्यांपैकी 64 टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होते. आपल्याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत 'विश्राम' प्रकल्पाने गावपातळीवर असेच काम केले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण तिथे दीड वर्षात 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले.

गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे; तरी दारू आणि खर्रा यांचे प्रश्न कुणाला ठाऊक नाहीत? डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या सहभागाने 2016 पासून येथे 'मुक्तिपथ' हे अभियान चालते, आणि तालुका पातळीवर व्यसनी रुग्णांना औषध व समुपदेशन मिळते. औषधाने शरीराची ओढ शमवायची आणि संवादाने मनाची गाठ सोडवायची, हे सूत्र सायकेडेलिक उपचारांच्या सूत्राशी मिळतेजुळते आहे. दारूच्या व्यसनावर केटामाइन आणि संवाद एकत्र देण्याचा 96 रुग्णांचा एक ब्रिटिश अभ्यास 2022 साली प्रसिद्ध झाला. केटामाइन मिळालेल्यांचे दारूविना गेलेले दिवस वाढले. जिथे संवादाची जोड होती तिथे लाभ सर्वाधिक दिसला. पुन्हा दारूकडे वळण्याच्या प्रमाणात मात्र स्पष्ट फरक आढळला नाही. म्हणजे वाट आशेची आहे, पण अजून पुरती बांधलेली नाही.

कुटुंबाने काय करावे?

14416 हा शासनाचा 'टेलिमानस' दूरध्वनी विनामूल्य आहे, मराठीतून बोलता येते आणि दुकान बंद न करता मदत मागता येते. जीव नकोसा झाल्याची भाषा कुणी केली, तर त्याला एकटे न ठेवता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अहेरीत उपजिल्हा रुग्णालय आहे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाच्या माहितीची गोपनीयता हा हक्क ठरवला आहे, त्यामुळे डॉक्टरांकडे गेल्याने पेठेत बोभाटा होईल ही भीती बाळगू नये. याच कायद्यानुसार विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराच्याच धर्तीवर विम्याची तरतूद करावी लागते. आपली पॉलिसी काढून अटी वाचाव्यात. बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच खर्च देतात, बाह्यरुग्ण समुपदेशनाचा खर्च वेगळा धरावा. धंद्यासाठीही आधीच व्यवस्था असावी: बँकेत सहीचा दुसरा अधिकारी, उधारीची वही पाहणारा विश्वासू सहकारी. त्यामुळे आजारी माणसाला बरे व्हायला सवड मिळते.

आभ्यंतर तपांत प्रायश्चित्ताच्या आरंभीच आलोचना आहे, म्हणजे मनात दडलेले गुरूसमोर उघड बोलणे. त्याच तपांत वैयावृत्य आहे, म्हणजे पीडिताची सेवा. नैराश्य हे पाप नाही, म्हणून त्याची आलोचना करावी असे मी म्हणत नाही. पण दुसऱ्याचे बोलणे न रागावता, न उपदेश करता ऐकण्याची रीत आपल्या परंपरेत आधीपासून आहे. येत्या पर्युषणात आपल्या अहेरी, आलापल्ली, सिरोंचा आणि चंद्रपूरच्या संघांनी मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाचे एक व्याख्यान ठेवावे. भद्रावतीच्या तीर्थयात्रेला निघणाऱ्या मंडळींनी, जो भाऊ गेले काही महिने कुठेच येईनासा झाला आहे, त्याच्या घरी आधी थांबून त्याची विचारपूस करावी.