घटका भरली की पुकारा होतो

सांगलीहून डिप्लोमाच्या एका विद्यार्थिनीचं पत्र आलं आहे. तिने ८०५१ मायक्रोकंट्रोलरवर दर सेकंदाला दिवा उघडझाप करणारा प्रोग्राम लिहिला. त्याच वेळी चिप कीपॅडची बटणंही तपासत होती आणि तरीही सेकंद चुकत नव्हता. ती विचारते, "चिप बटणं बघण्यात गुंतलेली असताना सेकंद मोजतं कोण?"

प्रश्न मोलाचा आहे, कारण त्याचं उत्तर प्रोग्रामात सापडत नाही. मोजणारा वेगळाच आहे. प्रोसेसरच्या शेजारी, त्याच सिलिकॉनवर तो बसलेला असतो आणि मोजण्यापलीकडे काहीही करत नाही.

जुन्या लग्नांतलं घटिकापात्र आठवा. पाण्याने भरलेल्या घंगाळात तळाला बारीक भोक असलेलं तांब्याचं पात्र सोडत. थेंबाथेंबाने पाणी आत चढे आणि २४ मिनिटांनी पात्र बुडे. घटका भरली! पात्राजवळ बसलेला माणूस पुकारा करी. तोवर मांडवातल्या इतरांना आपापली कामं करायला मोकळीक असे.

टायमर हेच करतो. पात्राच्या जागी १६ बिटांचं रजिस्टर, थेंबांच्या जागी क्रिस्टलचे ठोके. १२ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल लावला तर ८०५१ त्याला १२ने भागते आणि रजिस्टरमधला आकडा दर मायक्रोसेकंदाला एकाने वाढतो. ६५,५३५ झाले की पुढच्या ठोक्याला शून्य, स्कूटरच्या मीटरवर सगळे नऊ संपून शून्यं येतात तसं. त्याच क्षणी एक बिट वर होतो आणि इंटरप्टला परवानगी दिलेली असेल तर प्रोसेसर हातातलं काम थांबवतो, कुठे थांबलो त्याची खूण ठेवतो, दिव्याचं काम उरकतो आणि बटणांकडे परततो.

शून्यापासून सुरुवात केली तर ही घटका ६५.५३६ मिलिसेकंदांची होते. आकडा अडनिडा आहे, हवेत ५० मिलिसेकंद. मग पात्र रिकामं सोडायचंच नाही! आधीच १५,५३६ थेंब भरून ठेवायचे, म्हणजे बुडायला बरोबर ५०,००० उरतात. अशा २० घटका म्हणजे एक सेकंद. प्रयोगशाळेत हमखास होणारी चूकही इथलीच. पात्र बुडाल्यावर ते पुन्हा तितकंच भरायचं राहून जातं. दिवा लागतो, विझतो, सगळं ठीक दिसतं. पण स्टॉपवॉच लावून पाहिलं तर तो 'सेकंद' सुमारे १.३ सेकंदांचा भरतो.

आता हेच रजिस्टर क्रिस्टलपासून तोडून चिपच्या १४ नंबरच्या पिनला जोडा. ते बाहेरून येणारे ठोके मोजू लागतं आणि त्याचं नाव होतं काउंटर. या बदलाला एक बिट पुरतो. रिक्षाच्या इलेक्ट्रॉनिक मीटरला दोन्ही प्रकारची मोजणी लागते. रिक्षा धावत असताना चाकाच्या फेऱ्यांवरून येणारे ठोके मोजून अंतर, आणि सिग्नलला थांबली की घड्याळाचे ठोके मोजून वेटिंग. मोजणाऱ्याच्या लेखी दोन्ही नुसते ठोकेच.

या रजिस्टरच्या पोटात १६ फ्लिप-फ्लॉपची शिडी असते. पहिला दर ठोक्याला उलटतो, दुसरा दर दोन ठोक्यांना, तिसरा दर चारांना. सोळाव्याची पाळी ३२,७६८ ठोक्यांनी येते. (मनगटी घड्याळातला क्रिस्टल सेकंदाला नेमका इतक्याच वेळा थरथरतो. पंधरा वेळा निम्मं केलं की हातात एक सेकंद येतो. मला हा हिशेब अजूनही सुंदर वाटतो.)

निम्मं करत मोजण्याची ही शिडी घड्याळजींच्या दुकानातून आलेली नाही. ती आली अणूच्या प्रयोगशाळेतून. रदरफोर्ड यांच्या काळात अल्फा कण डोळ्यांनी मोजत. आधी बराच वेळ अंधारात बसून डोळे सरावून घ्यायचे, मग सूक्ष्मदर्शकातून झिंक सल्फाइडच्या पडद्यावरच्या ठिणग्या मोजायच्या. डोळे लवकर थकत. त्याहून वाईट म्हणजे मन अपेक्षित तेवढ्याच ठिणग्या पाही. व्हिएन्ना आणि केंब्रिज इथल्या शास्त्रज्ञांचा १९२०च्या दशकात यावरूनच मोठा वाद झाला. यांत्रिक मोजणीयंत्र होतं, पण कण भराभर आले की त्याची चाकं मागे पडत.

यावर तोडगा काढला कॅव्हेंडिश प्रयोगशाळेतल्या सी. ई. विन-विल्यम्स या वेल्श भौतिकशास्त्रज्ञाने. त्याने थायरट्रॉन या वायुभरित नळ्यांच्या जोड्या केल्या. जोडीतली एक नळी पेटली की दुसरी विझे, आणि दोन ठोक्यांतला एकच पुढच्या जोडीकडे जाई. तीन जोड्या लावल्या की आठांतला एकच ठोका यांत्रिक मोजणीयंत्रापर्यंत पोचे, आणि तेवढा त्याला झेपे. या द्विमान गणकाचा शोधनिबंध १९३२ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला. पुढे युद्धकाळात ब्लेचली पार्कमध्ये जर्मन संकेत फोडणाऱ्या 'हीथ रॉबिन्सन' यंत्राचे गणकही त्यानेच केले.

रदरफोर्ड प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहेत आणि ते योग्यच आहे. पण टायमरच्या धड्यात विन-विल्यम्सचं नाव एका ओळीपुरतंही येत नाही, हा मला अन्याय वाटतो. तो १९७९ साली वारला. दोन टायमर पोटात घेऊन ८०५१ बाजारात आली, ती त्याच्या पुढच्याच वर्षी.