नव्वद टक्क्यांची किंमत

कोळशाच्या धुरातून कार्बन डायऑक्साइड वेगळा काढण्याचे रसायनशास्त्र नवे नव्हे. अमाइन वर्गातील द्रावणात हा वायू शोषून घ्यावयाचा व मग द्रावण तापवून तो मोकळा करावयाचा, या रीतीचे अमेरिकी पेटंट १९३० सालचे आहे. नैसर्गिक वायूच्या शुद्धीकरणात ती अनेक दशके रुळलेली आहे. मग वीजकेंद्राच्या धुराड्याला तीच जोडावयाची म्हटली की हिशेब का कोलमडतो?

याचे कारण खुद्द धुरातच आहे. त्यात हा वायू जेमतेम १२ ते १४ टक्के. उरलेला बहुतेक भाग निरुपयोगी नायट्रोजनचा, आणि तोही दाबाखाली नसलेला. एवढा अफाट पसारा सामावण्यास शोषण-मनोरा प्रचंड हवा. द्रावण ४० अंश सेल्सियसच्या आसपास वायू शोषते आणि १२० अंशांच्या सुमारास सोडते. प्रचलित अमाइन वापरल्यास टनामागे साडेतीन ते चार अब्ज ज्यूल उष्णता खर्ची पडते. भारतीय कोळसा सुमारे अडीच क्विंटल जाळावा तेवढी. ही वाफ बहुधा टर्बाइनच्या तोंडचीच काढावी लागते आणि विकावयाची वीज तेवढी घटते.

आराखडा करणाऱ्याची खरी कसोटी येथे लागते. परतणाऱ्या गरम द्रावणाने जाणाऱ्या थंड द्रावणास उष्णता द्यावी, यासाठी मध्ये उष्णता-विनिमयक असतो. तो मोठा केला तर वाफ वाचते, पण पोलाद वाढते. मनोरा उंचावला तर शोषण सुधारते, पण धूर वर ढकलणारे पंखे अधिक वीज खातात. लोखंड एकदाच विकत घ्यावयाचे की वाफ रोज घालवावयाची, असा हा सौदा आहे. निविदा उघडताना लोखंडाची किंमत तेवढी डोळ्यांत भरते.

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातील बाउंडरी डॅम केंद्राचा तिसरा संच या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. २०१४ साली सुमारे दीड अब्ज कॅनेडियन डॉलर खर्चून तो सिद्ध झाला. धुरातील ९० टक्के, म्हणजे वर्षाला १० लाख टन वायू पकडण्याची त्याची योजना होती. प्रत्यक्षात ५० लाख टनांचा टप्पा गाठण्यास २०२३ साल उजाडले! राखेचे बारीक कण द्रावणात शिरले, विनिमयक तुंबले, अमाइन नासले. साफसफाईसाठी यंत्रणाच थांबवावी लागे, कारण जोडीला राखीव विनिमयक नव्हते. ते आणि त्यांच्या झडपा पुढे बसवाव्या लागल्या. नव्वद टक्के हा आकडा यंत्र चालू असतानाचा. बंद यंत्राची कार्यक्षमता शून्यच.

टेक्सासमधील पेट्रा नोव्हा प्रकल्पाने २०१७ साली निराळी वाट धरली. वाफेसाठी तेथे स्वतंत्र वायू-टर्बाइन उभारले. मुख्य संचाची वीज वाचली, पण या टर्बाइनचा स्वतःचा धूर मोकळाच राहिला. पकडलेला वायू तेलक्षेत्रात सोडून जादा तेल काढावयाचे व खर्च भरून काढावयाचा, हा बेत. २०२० साली तेलाचे भाव कोसळताच प्रकल्प बंद पडला, तो २०२३ साली पुन्हा सुरू झाला.

भारतात विंध्याचल वीजकेंद्रात २०२२ साली दिवसाला २० टन वायू पकडणारा प्रायोगिक संच उभा राहिला. ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाकाठी सुमारे दहा हजार टन वायू सोडतो. शिवाय भारतीय कोळशात राख ३० ते ४५ टक्के. कॅनडातील अनुभव येथे अधिक तीव्रतेने येणार हे उघड आहे. गंधकाची गोष्ट तर आणखी अवघड. सल्फर डायऑक्साइड अमाइनशी असा जखडतो की साध्या तापवण्याने सुटत नाही, म्हणून तो आधी धुरातून काढलाच पाहिजे. तो काढणारी यंत्रणा बसवण्याच्या सक्तीतून जुलै २०२५ मध्ये देशातील बहुतेक औष्णिक संचांना सूट मिळाली आहे. तेव्हा या संचांसाठी कार्बन पकडण्याचे अंदाजपत्रक मांडावयाचे तर त्याच्या पहिल्या ओळीत गंधक काढण्याचा खर्च लिहावा लागेल, आणि दुसऱ्या ओळीत राखीव विनिमयकांचा.